मेन्यूकार्ड मिटून ठेवा

पाहुणे घरी आले की साधारण तिसऱ्या दिवशी विचारतात, "इथं जेवायला चांगलं हॉटेल कोणतं?" पहिला दिवस घरच्या जेवणात जातो, दुसरा वेरूळ-खुलताबादला, म्हणून तिसऱ्या. पूर्वी मी चटकन एखादं नाव सांगून मोकळा व्हायचो. हल्ली उलट तपासणी घेतो. किती वाजता जाणार? बरोबर कोण कोण? आणि खायचं नेमकं काय आहे? पाहुण्यांना वाटतं, काका टाळाटाळ करताहेत.

टाळाटाळ नाही. मी काही खाद्यपदार्थांचा जाणकार नव्हे. छत्रपती संभाजीनगरातल्या गुलमंडीच्या बाजारपेठेत नोकरीची बरीच वर्षं गेली, डबा नसेल त्या दिवशी बाहेर खाल्लं, एवढीच माझी पात्रता. पण एवढ्या खाण्यातून एक गोष्ट कळली. सबंध हॉटेल चांगलं किंवा सबंध वाईट असं सहसा निघत नाही. एकाच स्वयंपाकघरातून एक पदार्थ असा येतो की बोटं चाटावीत, आणि बाकीचे चाळीस नुसते पोट भरतात. तो एक कोणता आणि तो कधी ताजा असतो, हे शोधणं म्हणजे बाहेर खाणं. मेन्यूकार्ड या कामात मदत करत नाही. ते चाळीसही पदार्थ एकाच टायपात छापतं.

मग शोधायचं कसं? आत शिरून लगेच बसू नका. दोन मिनिटं दाराशी उभे राहा आणि चार टेबलांवर काय आहे ते बघा. एकटे बसून, फोन बाजूला ठेवून जेवणारे जे मागवतात ते बहुतेक वेळा तिथलं खरं असतं, कारण ते रोजचे असतात. मोठ्या घोळक्याच्या टेबलावर जाऊ नका, तिथे प्रत्येकाच्या हट्टाचं एकेक ताट असतं. वेटरला "स्पेशल काय?" असं विचारलं तर तो सर्वांत महाग पदार्थाचं नाव घेतो, त्याचीही नोकरी आहे. "भैया, आत्ता गरम काय आहे?" असं विचारा. या प्रश्नाला खोटं उत्तर देणं अवघड जातं.

गुलमंडीला जायचं तर गाडीचा मोह सोडा. पैठण गेटच्या बाजूला कुठेतरी दुचाकी लावावी आणि टिळकपथावरून चालत निघावं. साड्या, चपला, भांडी, पुन्हा साड्या असं करत सुपारी हनुमानापाशी पोचेपर्यंत भूक आपोआप लागते. दिवाळीच्या आधीचा आठवडा मात्र टाळा. त्या दिवसांत या रस्त्यावर माणूस चालत नाही, वाहून नेला जातो, आणि गर्दीला पुरवायच्या घाईत तेलाच्या कढईला थंड व्हायला उसंत मिळत नाही.

सकाळ ही इथली तळणीची वेळ. 'उत्तम मिठाई भांडार'चं नाव गावात इमरतीसाठी घेतलं जातं, तेव्हा पाहुण्याला जिलबी आणि इमरती एकच वाटत असेल तर आधी फरक सांगा. जिलबी आंबवलेल्या मैद्याची; इमरती उडदाच्या वाटलेल्या डाळीची, म्हणून तिचे वेढे जाड आणि कंगोरेदार. चांगली इमरती मोडली की आत पाक दिसतो, पण ती लिबलिबीत होत नाही, दाताला उडदाचा किंचित चिवटपणा लागतो. कढईतून पाकात आणि पाकातून थेट द्रोणात आली तरच तिचा काही अर्थ. घरी नेऊन संध्याकाळी खायची असेल तर सरळ पेढे घ्या.

कचोरीचंही तसंच. या भागात मारवाडी आणि गुजराती व्यापाऱ्यांची जुनी वस्ती, त्यामुळे कचोरीला इथे कधी गिऱ्हाईक कमी पडत नाही. पहिला घास चटणीशिवाय घ्या. चिंचेची गोड चटणी हा सगळ्या चुका झाकणारा पदार्थ आहे, तेलाचा वास आणि शिळी डाळ दोन्ही तिच्याखाली लपतात. मी एकदा संध्याकाळी साडेसहाला अशी चटणीत बुडवलेली कचोरी खाल्ली. सकाळची होती आणि पुन्हा तळून दिली होती, हे मला रात्री दोन वाजता समजलं. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण सकाळी नऊला त्याच दुकानाची कचोरी मी आजही खातो. चूक वेळेची होती, आणि निम्मी माझी.

उडप्याच्या हॉटेलबद्दल फार सांगायला नको. सांबाराची वाटी आधी नुसती प्या. ते जमलं असेल तर बाकीचं जमलेलं असतं. इडली दहाच्या आत, डोसा कधीही. उडप्याकडे पावभाजी आणि पनीर मागवणाऱ्याने मग तक्रार करू नये.

आता ज्यासाठी हे गाव बाहेर ओळखलं जातं, त्याकडे येऊ. गुलमंडीवरून मछली खडकमार्गे सिटी चौकाकडे निघालात की दहा मिनिटांत वास बदलतो. तूप आणि वेलची मागे राहते आणि भट्टीचा धूर, भाजलेली कणीक, गरम मसाला पुढे येतो. शहागंज, जुना बाजार, बुढीलेन हा नान-खलियाचा मुलूख. गावाचं नाव बदललं, तरी हा पदार्थ लोकांच्या तोंडी अजून 'औरंगाबादी'च आहे.

गोष्ट अशी सांगतात की 1327 साली महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा लष्कराच्या जेवणासाठी हा पदार्थ निघाला. गोष्ट खरी असो वा नसो, पदार्थाची घडण बघितली की ती कुणाला का सुचली असेल ते कळतं. नान टिकाऊ, शेकड्याने भाजून ठेवता येणारा, वरून हळदीचा पिवळा हात फिरवलेला. खलिया म्हणजे मोठ्या डेगीत मंद आचेवर शिजलेलं मटण, वर तरीचा जाड थर. दोन्ही हजारो माणसांना एकदम वाढता येण्याजोगं. फक्त त्या तरीचा लाल तिखटपणा तुघलकाच्या नावावर खपवू नका. मिरची या देशात पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणजे त्याच्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. तुघलकाच्या सैनिकांनी खाल्लं असेल ते मिऱ्याचं. आपण खातो तो खलिया तेव्हापासून पुष्कळ हातांतून गेलेला आहे, आणि माझ्या मते सुधारत गेलेला आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याने चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, बसण्याआधी विचारा : "बडे का है या छोटे का?" छोटे का म्हणजे बकऱ्याचं, बडे का म्हणजे म्हशीवर्गातलं. हा प्रश्न इथे रोज शंभर जण विचारतात, कुणी वाईट वाटून घेत नाही. न विचारता खाऊन मग चेहरा पाडून बसणं जास्त अपमानाचं. ज्या हॉटेलात या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही, तिथून उठा.

दुसरी, डेग कधी उतरते ते विचारा. डेग उघडल्यानंतरच्या पहिल्या तासाचा खलिया आणि रात्री तळाशी उरलेला खलिया हे दोन वेगळे पदार्थ आहेत. तळाचा दाट, खारट आणि मसाल्याच्या चोथ्याचा. काही जुनी गिऱ्हाइकं मुद्दाम तोच मागतात, पण तुम्ही पहिल्या वेळी नको.

तिसरी, तरीला घाबरू नका आणि तिच्या आहारीही जाऊ नका. ती बाजूच्या वाटीत द्यायला सांगा आणि लागेल तशी घ्या. नान मोडून रश्श्यात भिजू द्या, मग खा. कोरडा नान आणि नुसता रस्सा असं वेगवेगळं खाणाऱ्याला दोन्ही आवडत नाहीत. आणि चौथी, नान एकदम तीन मागवू नका. एक पुरतो. दुसऱ्याची इच्छा जिभेला होते, पोटाला नाही.

चकचकीत हॉटेलातही नान-खलिया मिळतो. तिथे तो चिनी मातीच्या वाडग्यात येतो, वर कोथिंबीर आणि मलईची रेघ. बसायला गादी असते, घरच्या बायकामाणसांना सोय असते, हात धुवायला साबण असतो. चवीत तो थोडा सौम्य आणि बराच महाग. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी तिथेच नेतो आणि कुरकुर करत नाही. जागा आणि चव यांतलं एक निवडायचं असतं तेव्हा आईच्या गुडघ्यांचा विचार आधी.

रमजानमध्ये शहागंज-बुढीलेन भागाचं घड्याळ उलटं फिरतं. दिवसा शुकशुकाट, मगरिबनंतर दिवे आणि रस्त्यावर पातेली. हलीम, कबाब, फिरनी, फळांच्या थाळ्या. त्या महिन्यात जायचं असेल तर उपास सोडणाऱ्यांना आधी जागा द्या, तास-दीड तासाने जा. कुणी पाटी लावून हे सांगत नाही, पण ते पाळावं.

दुपारी चार जणांचं शाकाहारी कुटुंब घेऊन जायचं असेल तर थाळीसारखी सोय नाही. मध्यवर्ती बसस्थानकाजवळचं 'भोज' बाहेरगावच्या लोकांनाही माहीत असतं. राजस्थानी-गुजराती पद्धतीची, हवं तितकं वाढणारी थाळी. अशा थाळीची एक युक्ती आहे : पहिल्या फेरीत काहीच पूर्ण वाटी घेऊ नका. वाढपी आठ-दहा गोष्टी भराभर टाकून जातात ते तुमचं पोट पहिल्या पाच मिनिटांत भरावं म्हणून. प्रत्येकाचा एक चमचा घ्या, दोन आवडीच्या भाज्या ठरवा, मग गरम फुलका येईल तसं निवांत जेवा. आणि साडेबाराला जा. अडीचला जाणाऱ्याला कढी पातळ मिळते. त्यात पाणी कधी पडतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही.

गंमत म्हणजे मराठवाड्याचं स्वतःचं जेवण गुलमंडीवर शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. येसराची आमटी, पातोडीचा रस्सा, धपाटे, सुशीला हे घरात होतं म्हणून हॉटेलात कुणी मागितलं नाही, मागितलं नाही म्हणून कुणी केलं नाही. आता शहराबाहेरच्या रस्त्यांवर भाकरी-ठेच्याच्या पाट्या लागल्यात. त्यांच्यातलं खरं-खोटं भाकरीवरून ओळखावं. ज्वारीची भाकरी हातावर थापलेली असेल तर कडेला पातळ, मधे किंचित जाड आणि पदर सुटलेला असतो. सगळीकडे एकसारखी गोल, चकती कापल्यासारखी आली तर ती यंत्रातून आली. चुलीचं चित्र भिंतीवर असेल, आत गॅस असेल, त्याला माझी हरकत नाही. पण भाकरी तव्यावरून थेट ताटात यायला हवी. खरं सांगायचं तर औरंगपुरा-समर्थनगर भागात स्पर्धा परीक्षेची पोरं ज्या खानावळींत महिन्याच्या बोलीवर जेवतात, तिथलं वरण आणि वांग्याची भाजी मला मोठ्या पाट्यांपेक्षा बरी वाटते. रोज तीच पोरं जेवायला येणार असतात, फसवून चालत नाही.

आता त्या चाळीस पदार्थांविषयी. 'मल्टिक्युझीन' अशी पाटी दिसली की समजा, आत एक मोठा फ्रीज आहे. पंजाबी भाज्यांचं गणित सोपं असतं. सकाळी दोन-तीन प्रकारची ग्रेव्ही करून ठेवतात : कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजबीची पांढरी, कधी तळलेल्या कांद्याची तपकिरी. मग ऑर्डर येईल तसं पनीर किंवा काजू किंवा कोफ्ता त्यात सोडायचा, दोन ग्रेव्ह्या कमीजास्त मिसळायच्या, वर नाव वेगळं. कोल्हापुरी म्हणजे लाल ग्रेव्हीत तिखट, शाही म्हणजे पांढरीत साखर. यात लबाडी नाही. वीस मिनिटांत साठ टेबलांना वाढायचं तर दुसरा मार्ग नसतो. पण मग चौघांनी चार वेगवेगळ्या पनीरच्या भाज्या मागवण्यात काय हशील? एक ग्रेव्हीची मागवा, बाकीच्या ग्रेव्हीच्या पातेल्यातून न येणाऱ्या : दाल तडका, भेंडी फ्राय, वांग्याचं भरीत, तंदुरी रोटी.

आणि एक गुपित. गुलमंडीच्या आसपास जैन गिऱ्हाईक भरपूर, त्यामुळे "जैन करून द्या" हे कुठल्याही आचाऱ्याला नवं नाही. कांदा-लसूण नसलेली भाजी तयार ग्रेव्हीतून येऊ शकत नाही, बहुतेक ठिकाणी ती नव्याने करावी लागते. पंधरा मिनिटं जास्त थांबायची तयारी असेल तर मी तीच मागवतो. माझं आडनाव ऐकून वेटर जरा चमकतो, एवढंच.

चायनीजबद्दल माझं मत थोडक्यात : गाडीवर खा, बसून खाऊ नका. मंचुरियन हा पदार्थ 1975 च्या सुमारास मुंबईत जन्मला असं सांगतात, चीनशी त्याचा संबंध सोया सॉसपुरता. त्याला लोखंडी कढई आणि भडकती आच लागते. गाडीवर दोन्ही डोळ्यांसमोर असतात, एसी हॉलमध्ये तो स्वयंपाकघरातून तुमच्यापर्यंत येईतो मऊ पडतो.

पाण्याचं बघा. या शहराला जायकवाडीचं पाणी आहे, पण नळाला ते रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे हॉटेलं टँकर आणि जारवर चालतात. टेबलावरचा जग कुठून भरला, हे विचारायला लाजू नये. मी तर पेल्यांकडे बघतो. पाण्याची चणचण आधी पेल्यांच्या कडांवर दिसते, मग ताटांवर, आणि जेवणात सर्वांत शेवटी.

बिल आलं की नुसती बेरीज तपासून थांबू नका. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी 5 टक्के. जो हॉटेलवाला कंपोझिशन योजनेत आहे त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही, आणि तसं त्याच्या बिलावर लिहिलेलं असावं लागतं. 'सर्व्हिस चार्ज' ही वेगळी भानगड आहे. तो कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या सूचनांनुसार तो आपोआप लावता येत नाही आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. काढून टाका म्हणावं, शांतपणे. नंतर वेटरच्या हातात हवे तेवढे पैसे ठेवा, ते त्याला मिळतात. बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा 14 आकडी क्रमांक असायला हवा. तो नसेल आणि वरून पोटही बिघडलं असेल तर बिलाचा फोटो जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. आमच्या घरच्या एका वाढदिवसाला तीन मुलं आजारी पडली तेव्हा माझ्याकडे बिलच नव्हतं. "कच्चं चालेल ना साहेब, टॅक्स वाचेल," असं काउंटरवर म्हणाले आणि मी खूश होऊन मान हलवली होती.

मत मागणारे पुष्कळ, देणारे त्याहून जास्त. तुम्ही देणार असाल तर एक वही ठेवा. तारीख, वेळ, काय खाल्लं, पैसे कुणी दिले. शेवटचा रकाना हसण्यावारी नेऊ नका : दुसऱ्याच्या पैशाने खाल्लेलं जेवण माझ्या वहीत नेहमी चांगलं निघालं आहे. एका भेटीवर नाव खराब करू नका. त्या दिवशी आचारी गावी गेलेला असतो, होळीला, लग्नसराईत, कापणीला. तसंच दहा वर्षांपूर्वीच्या चवीवर आज कुणाला पाठवू नका. आचारी बदलतो, पाटी तीच राहते. माझ्या वहीत एका हॉटेलसमोर सलग सहा वेळा 'छान' आणि सातव्या वेळेपासून नुसत्या फुल्या आहेत. तिसऱ्या फुलीनंतर चौकशी केली तेव्हा कळलं, उस्ताद दोन गल्ल्या सोडून स्वतःच्या गाडीवर उभा आहे. आता मी त्या गाडीवर जातो.

जेवणानंतर पान हवंच असेल तर उस्मानपुऱ्यातल्या 'तारा'पर्यंत जावं लागेल. तिथे पानाचे प्रकार आणि भाव वाचण्यात जेवण जिरतं. मी साधं कलकत्ता घेतो.

आणि परत निघण्याआधी भट्टीवरून चार नान बांधून घ्या. कागदात, प्लॅस्टिकमध्ये नको, घाम येतो. सकाळी पाण्याचा हलका हात फिरवून तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं गरम करा आणि बिनसाखरेच्या कडक चहाबरोबर खा.